लाल शाईतल्या त्या एका ओळीचं उत्तर

पत्र:
मॅडम, मी बी. ए. मराठीच्या तिसऱ्या वर्षाला आहे. रोज कागलहून एसटीनं कोल्हापूरला येते. यंदा सरांनी साहित्याच्या पेपरला वाचन-प्रतिसादाची वही ठेवायला सांगितली आहे. सत्रात १५ नोंदी, त्याला १० गुण. मी चार लिहून दिल्या. चारही परत आल्या आणि प्रत्येकीखाली लाल शाईत एकच ओळ: 'हा सारांश झाला. प्रतिसाद कुठे आहे?' मला मजकूर समजतो, परीक्षेत गुणही पडतात. एका नोंदीत मी लिहिलं होतं, 'म्हाताऱ्याचे एकाकीपण लेखकाने हृदयस्पर्शी रीतीने मांडले आहे.' यात काय चुकलं? प्रतिसाद म्हणजे आवडलं-नावडलं लिहायचं का? आठवणी लिहायच्या का? आपल्या बोलीत लिहिलं तर चालतं का? आणि कविता कळलीच नाही तर पान कोरं सोडायचं का? अजून आठ आठवडे आहेत.
कागलची एक विद्यार्थिनी

उत्तर:

'परीक्षेत गुणही पडतात' असं तू लिहिलंयस ना, घोळ तिथेच आहे. दहावीपासून आपला हात एका वळणाला लागलेला असतो. आधी कथानक थोडक्यात, मग पात्रं, मग भाषाशैली, आणि शेवटी 'अशा प्रकारे लेखकाने…'. परीक्षेत ते खपतं, कारण तिथे बरेचदा तू धडा वाचलास की नाही एवढंच तपासायचं असतं. वही तपासणाऱ्या सरांना मात्र ती गोष्ट तुझ्यापेक्षा जास्त पाठ आहे. त्यांनाच ती परत सांगून काय मिळणार? त्यांना बघायचंय की वाचताना तू कुठे थबकलीस, कशामुळे थबकलीस आणि थबकल्यावर काय केलंस.

म्हणून नोंद मजकुरातल्या एका जागेपासून सुरू कर. जागा म्हणजे एखादं वाक्य, एखादा शब्द, कधी नुसतं विरामचिन्ह किंवा दोन परिच्छेदांमधली मोकळी ओळ. 'प्रस्तुत कथेत' अशी सुरुवात केलीस की गाडी सारांशाच्या रस्त्याला लागलीच. 'पान ४३, खालून तिसरी ओळ' अशी केलीस तर तिला त्या रस्त्याला वळायला जागाच उरत नाही.

एक उतारा घेऊन बघू. हा कुठल्या पुस्तकातला नाही, या उत्तरासाठीच रचला आहे, तेव्हा गाईडमध्ये शोधू नकोस.

'पारूनं घागर उंबऱ्याच्या आत ठेवली. "मी जातो," ती म्हणाली. सासू चुलीपाशी बसली होती. तिनं मान वर केली नाही. जळण तेवढं आत सारलं.'

परत येणाऱ्या वह्यांमध्ये यावर साधारण असं लिहिलेलं असतं: 'प्रस्तुत कथेत पारू या ग्रामीण स्त्रीच्या दुःखाचे वास्तव चित्रण आले आहे. सासूचा कठोर स्वभाव लेखकाने प्रभावीपणे रेखाटला आहे. ग्रामीण बोलीमुळे कथा मनाला भिडते.'

पारूच्या जागी कुणाचंही नाव घाल, ही तीन वाक्यं आणखी पन्नास कथांखाली जशीच्या तशी बसतील. बरं, सासू कठोर आहे हे कशावरून? मान वर केली नाही म्हणून? डोळ्यांत पाणी आलेली बाईही मान वर करत नाही.

आता याच उताऱ्यावरची दुसरी नोंद वाच:

'जागा: "मी जातो" आणि "जळण तेवढं आत सारलं".
पहिल्यांदा वाचलं तेव्हा पारू रानात निघालीय असं वाटलं. मग अडकले. आमच्याकडे घरातून निघताना कुणी "जातो" म्हणत नाही, "येतो" म्हणतात. चुकून "जातो" म्हटलं तर आजी तिथल्या तिथे टोकते. इथे टोकायला सासू आहे आणि ती टोकत नाही. ऐकलं नसेल? चुलीपाशी बसलीय, ऐकलं असणारच. मग न टोकणं हेच तिचं उत्तर का? "तेवढं" काढून वाचलं: "जळण आत सारलं." नुसतं काम झालं. "तेवढं" घातलं की वाटतं, आणखी काहीतरी करता आलं असतं, ते केलं नाही. दुसरं म्हणजे, "मान वर केली नाही" हे कोण बघतंय? पारूच असणार. म्हणजे "जातो" म्हणून ती लगेच वळलेली नाही, उभी आहे. मी घागर भरलेली धरली होती. तसं लिहिलेलं नाही. सासू कठोर आहे की घाबरलीय, हे या पाच वाक्यांवरून मला ठरवता येत नाही. पुढे चुलीचा उल्लेख परत येतो का, बघायचं.'

फुलस्केपचं पाऊण पानसुद्धा भरणार नाही इतकीच ही नोंद आहे. पण तिच्यात काय काय झालंय ते एकेक करून बघ. पहिला समज चुकला, तरी तो खोडलेला नाही. तो कसा बदलला हे लिहिलंय. एक शब्द काढून वाक्य पुन्हा वाचलंय. ही युक्ती फार कामाची आहे. 'च', 'तरी', 'तेवढं', 'मात्र', 'बरं' असले बारके शब्द काढून वाचलं की मराठी वाक्याचा सूर कुठे लपलाय ते सापडतं. 'हे कोण बघतंय' असं विचारलं आणि निवेदन कुणाच्या नजरेतून चाललंय इथपर्यंत पोचता आलं, तेही 'निवेदनतंत्र' हा शब्द न वापरता. लिहिलेलं काय आणि आपण धरलेलं काय हे वेगळं केलं. आजी आली, एका वाक्यात काम करून गेली. आणि शेवट शाबासकीवर न होता पुढे तपासायच्या एका गोष्टीवर झाला.

त्यातली 'न टोकणं' ही जागा मोलाची आहे. मजकूर सगळं सांगत नाही, जागा मोकळ्या सोडतो आणि वाचणारा त्या भरतो, यावर वोल्फगांग इझर या जर्मन अभ्यासकानं आपला सगळा विचार उभा केला. वहीपुरतं त्याचं भाषांतर असं कर: मोकळी जागा कुठे होती आणि मी ती कशानं भरली. सरांना दिसायला हवं ते एवढंच. सासूच्या गप्प राहण्यात एकीनं राग भरला आणि दुसरीनं भीती, तर दोघींच्या नोंदी चांगल्या होऊ शकतात. अट एकच, की कुठल्या शब्दाच्या आधारानं भरली ते सांगितलेलं असावं.

आता बोलीचं. वर्गात समज कुणी विचारलं, 'पारू बाई आहे, मग "जातो" कसं? छपाईची चूक का?' कोल्हापूरकडच्या बायका 'मी आलो, मी जातो' असंच बोलतात, त्यामुळे तू त्या शब्दावरून सरळ पुढे गेली असतीस. बाहेरून आलेली मुलगी तिथेच ठेचकाळली. तिचं ठेचकाळणं हा प्रतिसाद आहे, आणि तुझं न ठेचकाळणंही, ते लक्षात आलं तर. वर्गानंतर ते वहीत लिही. आणि वही बोलीत लिहिलीस तर उत्तमच. हात सैल होतो, 'प्रस्तुत' आणि 'रेखाटणे' आपोआप गळून पडतात. धोका एकच. 'लई भारी' हेही 'हृदयस्पर्शी'सारखंच झाकण आहे. भारी म्हणजे काय झालं? हसू आलं, घसा दाटला, की वाक्य परत वाचावंसं वाटलं? ते लिहिलंस की बोली चालते की नाही हा प्रश्नच उरत नाही. उतारा मात्र छापला आहे तसाच, अक्षरन् अक्षर उतरवायचा. तिथे 'सुधारणा' करायची नाही.

वहीची मांडणी फार डोकं लावण्यासारखी नाही, पण काही गोष्टी आधीच ठरवलेल्या बऱ्या. १०० पानी फुलस्केप वही पुरते. एका नोंदीला चार पानं धर, १५ नोंदींना ६०; पुढे दोन पानं अनुक्रमाला आणि मागची सहा-आठ सूचीला. दोनशे पानी वही रोज एसटीतून वागवायचं कारण नाही. सुट्टे कागद फाइलला लावू नकोस, तारखांचा क्रम मोडतो आणि या वहीत क्रमच बघायचा असतो. वही उघडल्यावर डावं पान मजकुराचं, उजवं तुझं. डावीकडे उतारा, तीन-चार ओळींपेक्षा जास्त नको, आणि त्याच्या खाली मोकळी जागा. उजवीकडे प्रतिसाद, दोन-अडीचशे शब्द, म्हणजे मध्यम अक्षरात साधारण एक पान. वाढला तर पुढच्या उजव्या पानावर. उताऱ्याच्या किमान चौपट तुझं लिहिणं भरलं पाहिजे. उतारेच जास्त दिसायला लागले तर तू नकलून काढते आहेस असं समज.

प्रत्येक नोंदीच्या डोक्यावर तारीख, कृतीचं नाव, आवृत्तीचं वर्ष, पान आणि कितवं वाचन ते लिही. आवृत्ती कशाला, असं वाटेल. कोल्हापुरातलं करवीर नगर वाचन मंदिर १८५० पासूनचं आहे. अशा ग्रंथालयातून आणलेली जुनी प्रत आणि वर्गात फिरणारी झेरॉक्स यांचे पानांचे आकडे जुळतीलच असं नाही. मग सर तुझी ओळ शोधत बसतात आणि सापडली नाही की त्यांना शंका येते. ओवी असेल तर अध्याय आणि ओवीचा आकडा. अभंगाचा आकडा गाथेच्या आवृत्तीप्रमाणे बदलतो, म्हणून अभंगाचा पहिला चरणही लिही. नाटकाला अंक आणि प्रवेश.

लिहिण्याच्या तीन बैठका कर, आणि तिन्ही छोट्या ठेव. पहिली वाचतानाच. एसटीत अक्षर लागत नाही, तेव्हा तिथे वही काढूच नकोस. कोऱ्या कागदाच्या दोन बोटं रुंद पट्ट्या कापून पुस्तकात ठेव. अडकलीस की त्या पानात पट्टी घाल आणि तिच्यावर पेन्सिलनं दोन शब्द: 'तेवढं?', 'कोण बघतंय?', 'इथे हसले'. ग्रंथालयाच्या पुस्तकात खुणा करू नकोस. तुझ्यानंतर वाचणारी मग तिच्या जागांऐवजी तुझ्याच जागांवर थांबते. एका कथेला आठ-दहा पट्ट्या झाल्या तरी हरकत नाही. त्यांतली एक निवडायची, फार तर दोन. सगळ्या पट्ट्यांवर दोन-दोन ओळी लिहायच्या मोहात पडलीस तर यादी होईल, नोंद होणार नाही.

दुसरी बैठक त्याच दिवशी, पंचवीस मिनिटांची. पहिली दहा मिनिटं पुस्तक मिटून, हात न उचलता लिही. मग पुस्तक उघडून पडताळ. उरलेला वेळ त्यावर घालव. पडताळताना गंमत होते. आपल्याला आठवलेलं वाक्य पुस्तकात तसं नसतंच. ती चूक खोडू नकोस, 'मला असं आठवलं, आहे ते असं' एवढं लिही. का बदललं असेल याचा विचार ही कधीकधी सगळ्या नोंदीतली सर्वांत चांगली ओळ ठरते. आणि हे त्याच दिवशी करायचं, कारण रात्र उलटली की कथानक लक्षात राहतं आणि अडखळणं विसरतं. मग हात पुन्हा सारांशाकडे वळतो. तुझ्या त्या चार नोंदी मजकूर वाचल्यावर किती दिवसांनी लिहिल्या होत्यास, आठवून बघ.

तिसरी बैठक वर्गातल्या चर्चेनंतर, पाच मिनिटं, दुसऱ्या रंगाच्या शाईनं, डाव्या पानावरच्या मोकळ्या जागेत. कुणी काय म्हटलं आणि त्यानं तुझं मत हललं का. आधीचं लिहिणं दुरुस्त करायचं नाही. वही नितळ दिसावी म्हणून शेवटी फेअर करणाऱ्या मुली असतात. त्या नेमकी मत बदलल्याची खूणच पुसून टाकतात.

आता आठवणींचं. हा प्रश्न फार जुना आहे. आय. ए. रिचर्ड्स या इंग्रज समीक्षकांनी केंब्रिजमध्ये १९२० च्या दशकात विद्यार्थ्यांना कवीचं नाव न सांगता कविता दिल्या, त्यांच्याकडून लेखी प्रतिसाद घेतले आणि १९२९ मध्ये त्यांचं विश्लेषण छापलं. वाचनात आडव्या येणाऱ्या ज्या गोष्टी त्यांनी नोंदवल्या, त्यांत ठरीव प्रतिक्रिया, मजकुराशी संबंध नसलेल्या खासगी आठवणी आणि भावविवशता होत्या. शिकले-सवरलेले विद्यार्थी होते ते, तेव्हा तू वाईट वाटून घेऊ नकोस. आणि केंब्रिजपर्यंत तरी कशाला जायचं? साहित्यशास्त्राच्या पेपराला रसविघ्नं, म्हणजे रसाच्या आस्वादात येणारे अडथळे, पाठ केली असशील. अभिनवगुप्त या संस्कृत साहित्यशास्त्रकारानं सात सांगितली, त्यांत एक निजसुखादिविवशीभाव: वाचणारा स्वतःच्याच सुखदुःखात इतका बुडालेला की समोरच्या कलाकृतीपर्यंत तो पोचतच नाही. टीप लिहिण्यापुरतं पाठ केलेलं ते इथे कामाला येतं.

म्हणजे आठवण वर्ज्य नाही, पण तिला तीन ओळींची मर्यादा घाल. तीन ओळींनंतर 'म्हणून हा शब्द मला असा वाटला' असं वाक्य लिहून मजकुराकडे परतता आलं पाहिजे. वरच्या नोंदीतली आजी 'जातो'चं वजन दाखवून गेली. पण तीच आजी कशी होती, तिच्या हातची भाकरी कशी होती, ती गेली तेव्हा काय झालं, असं पान भरलं असतं तर ते लिहिणं चांगलंही झालं असतं, फक्त ते दैनंदिनीत हवं. आणखी एक, हे कुणी सांगत नाही: ही वही सर वाचणार, कदाचित वर्गात मोठ्यानं वाचून दाखवली जाणार. घरातलं भांडण, पैशाची अडचण, आजार असलं काही लिहिण्याआधी तेवढा विचार कर. गुण मिळवायला घर उघडं करायची गरज नाही.

ठरीव प्रतिक्रियांचा इलाज सोपा आणि थोडा जाचक आहे. वहीच्या पुठ्ठ्याच्या आतल्या बाजूला बंदी घातलेल्या शब्दांची यादी लिही: वास्तव चित्रण, हृदयस्पर्शी, मनाला भिडते, ओघवती भाषाशैली, समर्पक, प्रभावीपणे, समाजाला संदेश. हे शब्द वाईट नाहीत. त्यांचा त्रास असा की ते लिहिले की विचार संपल्यासारखा वाटतो. हात तिकडे गेला की थांब आणि 'कुठे?' असं विचार. लेखकाच्या चरित्राचंही तेच. 'लेखकाने गरिबी जवळून पाहिली' हे मलपृष्ठावरून येतं, वाचनातून येत नाही. मोबाइलवरून उतरवलेली नोंदही लपत नाही. तिच्यात पानाचा आकडा नसतो, एखादं नाव सरकलेलं असतं, आणि मुख्य म्हणजे तिच्यात कुणी कुठे अडलेलंच नसतं. आदल्या रात्री एका बैठकीत लिहिलेल्या आठ नोंदीही अशाच ओळखू येतात: एकच शाई, एकच तिरपं अक्षर, आणि प्रत्येक नोंद 'मला असे वाटते की'नं सुरू.

कविता कळली नाही तर पान कोरं सोडू नकोस. 'कळलं नाही' ही नोंद होते, फक्त कुठे कळलं नाही ते बोट ठेवून सांगावं लागतं. वीसेक ओळींपर्यंतची कविता असेल तर ती संपूर्ण डाव्या पानावर हातानं उतरव. इथे तीन-चार ओळींचा नियम सोडायचा. उतरवताना ओळ कुठे तुटते ते हाताला कळतं, डोळ्याला कळत नाही. मग दोनदा मोठ्यानं वाच. न कळणं तीन जातींचं असतं. एक, शब्दच माहीत नाही. त्यासाठी कोश आहे. जुन्या शब्दांना मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश, १८५७ ची दुसरी आवृत्ती, अजून हाताशी ठेवण्यासारखा आहे आणि इंटरनेटवर शोधताही येतो. दोन, शब्द माहीत आहेत पण वाक्य लागत नाही. तिथे अन्वय लाव: कर्ता कोण, क्रियापद कुठलं, ते शोधून ओळ गद्यात सरळ लिहून काढ. मराठी कवितेत क्रियापद तीन ओळी खाली गेलेलं असतं किंवा मुळात नसतंच. तीन, शब्दही कळले, वाक्यही लागलं, पण ही प्रतिमा त्या प्रतिमेशेजारी का आली ते कळत नाही. पहिल्या दोन जाती हा गृहपाठ आहे, तो न करता 'कविता दुर्बोध आहे' लिहिणं हा आळस. तिसऱ्या जातीपाशी खरी नोंद सुरू होते. तिथे उत्तर सापडलं नाही तरी दोन शक्यता लिही आणि प्रत्येकीसमोर तिला आधार देणारा एक शब्द मांड. बऱ्याचदा एका बाजूला आधार सापडतो आणि दुसरी शक्यता लिहितालिहिताच गळते.

नावडलेल्या मजकुरावरही असंच. कुठल्या पानावर मन उठलं ते शोध, आणि ते लिहिण्यामुळे उठलं की तुला त्या विषयाचाच कंटाळा आहे, हे प्रामाणिकपणे सांग. कादंबरीला मात्र शेवटी एकच लांबलचक नोंद लिहू नकोस. तीनशे पानांची असेल तर पाच नोंदी कर: पहिल्या तीस पानांनंतर, शंभराच्या आसपास, जिथे वारं फिरलं असं वाटेल तिथे, शेवटची चाळीस पानं उरली असताना 'काय होईल' याच्या अंदाजासकट, आणि संपल्यावर दोन दिवसांनी. नाटक असेल तर रंगसूचना गाळून वाचू नकोस. 'स्तब्धता' असं कंसात असेल तर तितका वेळ खरंच थांबून बघ.

तुझ्या परत आलेल्या चार नोंदी फाडू नकोस आणि नव्यानं लिहूही नकोस. प्रत्येकीनंतरच्या कोऱ्या पानावर 'पुन्हा वाचताना' असा मथळा घाल, आपल्याच सारांशातलं एक वाक्य उचल आणि त्याला विचार, हे मला कुठून कळलं? 'म्हाताऱ्याचे एकाकीपण' घे. कथेत एकाकी हा शब्द आहे का? नसेल तर तो तू आणलास. कशावरून? घरात माणसं नाहीत म्हणून, की आहेत आणि तरीही? तो स्वतःशी बोलतो? दोन कप मांडतो? ती एक जागा सापडली की तिथून दीडशे शब्द लिही. एका नोंदीला अर्धा तास, चारांना दोन तास. मात्र आधी सरांना विचार, अशी जोड दिलेली नोंद धरणार का. त्याच फेरीत आणखी दोन गोष्टी विचारून घे: वर्गानंतरची भर गुणांना धरतात का, आणि लांबीला खालची मर्यादा आहे का. हे न विचारता अंदाजानं लिहीत बसण्यात बरीच मुलं सत्र घालवतात.

उरल्या ११. आठ आठवडे आहेत म्हणजे पाच आठवड्यांत एकेक आणि तीन आठवड्यांत दोन-दोन. दोनवाले आठवडे आधी घे, नंतर बाकीच्या विषयांची सबमिशन अंगावर येतात. पंधरावी नोंद कुठल्या पुस्तकावर न लिहिता आधीच्या चौदा वाचून लिही: तू सारखी कशापाशी थांबतेस? काही जण कायम संवादापाशी थांबतात, काही शेवटापाशी, काही फक्त बायकांच्या पात्रांपाशी. मागच्या पानांवर 'मौन', 'निवेदक', 'बोली', 'वस्तू' अशी सूची केली असशील तर हे दहा मिनिटांत दिसतं, आणि पुढे प्रकल्पाचा विषय निवडायला तीच सूची लागते.

पेन बॉलपेन घे. पावसात एसटीची खिडकी गळते आणि जेलची शाई एका थेंबानं पसरते. वर्गानंतरच्या बैठकीसाठी हिरव्या बॉलपेनाची एक कांडी जवळ असू दे. लाल नको. तो रंग सरांचा.